व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे का पडतं?

प्रश्न असा आहे: अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सर्व्हरवर केव्हीएम (एकाच संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सची सोय) आहे, आतल्या लिनक्स मशीन पॉज करून पुन्हा चालू केल्या की त्यांची वेळ मागे राहते आणि लॉग जुळत नाहीत.

आधी क्लॉकसोर्स, म्हणजे आतलं लिनक्स वेळ कुठून मोजतं तो स्रोत, तपासा. तो केव्हीएम-क्लॉक असेल तर उत्तम. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये टीएससी नावाचा मोजणी करणारा काउंटर असतो. जुन्या प्रोसेसरांत त्याचा वेग फ्रिक्वेन्सीबरोबर बदलायचा, आताच्या प्रोसेसरांत तो स्थिर असतो. केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट (मूळ सर्व्हर) स्वतःची वेळ आणि टीएससीची मोजणी वेळेत बदलणारा गुणक मेमरीच्या एका सामायिक भागात लिहितो. गेस्ट (आतलं मशीन) तिथून वाचून हिशोब करतो, त्यामुळे कोअर बदलला तरी वेळ उडी मारत नाही.

तुमची खरी अडचण मात्र क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसते. बऱ्याच डिस्ट्रोंत (लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत) त्याच्या सेटिंगच्या फाइलमधली ‘मेकस्टेप’ ओळ पहिल्या ३ अपडेटपुरतीच वेळ एकदम बदलू देते. नंतर क्रोनी फरक हळूहळू भरून काढतो, आणि पॉज तासाभराचा असेल तर हे फारच रेंगाळतं. त्या ओळीतला शेवटचा आकडा उणे १ करा, म्हणजे ही मर्यादा उठते. फक्त डेटाबेसच्या मशीनवर हे करताना जपा, वेळेची उडी काही प्रोग्रामना सोसत नाही.

शक्य असेल तर गेस्टमध्ये पीटीपी-केव्हीएम मॉड्यूल (होस्टचं घड्याळ गेस्टला एक उपकरण म्हणून दाखवणारा कर्नलचा भाग) लोड करून क्रोनीला तेच उपकरण द्या. वेळ थेट होस्टकडून येते, नेटवर्कचा विलंब मध्ये येत नाही. अर्थात मग होस्टची वेळ अचूक हवीच, तिथे एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) किंवा एनआयसीचा (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) एनटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणारा सर्व्हर, लावा.