परवाना खुला, पण वेळ कोणाचा?

प्रश्न : मी पुण्यातील एका कंपनीत नोकरी करतो. देवनागरी मजकुरातील तारखा आणि अंक ओळखणारी एक लहान लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरता येणारा तयार कोड) मी फावल्या वेळात लिहिली आणि कोणालाही कोड वापरू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुली केली. आता एक मोठी कंपनी ती आपल्या उत्पादनात वापरते आणि तिचे कर्मचारी मला दोष ‘आजच्या आज’ दुरुस्त करण्यास सुनावतात. मोबदला मागितला, तर ते मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला सोडून होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हे स्वतः १९८०च्या दशकात ‘ईमॅक्स’ या आपल्या मजकूर-संपादक प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकत असत, चळवळीचा आग्रह वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आहे, फुकटेपणाचा नव्हे. मात्र आजवरच्या वापराबद्दल त्या कंपनीकडून आपल्याला काहीही वसूल करता येणार नाही, कारण एमआयटी परवान्याने विक्रीसकट सर्व मुभा आपणच दिली आहे आणि त्या बदल्यात स्वामित्वहक्काची सूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवण्याची तेवढी अट घातली आहे. त्याच परवान्यात सॉफ्टवेअर ‘आहे तसे’, कोणत्याही हमीविना दिल्याचेही स्पष्ट लिहिलेले असते, त्यामुळे ‘आजच्या आज’ म्हणण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही.

कंपनी आपण होऊन कृतज्ञता दाखवील, ही अपेक्षा मात्र सोडावी. जगभरातील संकेतस्थळांचा सुरक्षित व्यवहार ज्यावर चालत होता, त्या ‘ओपनएसएसएल’ प्रकल्पाला २०१४ पूर्वी वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत असत. त्या वर्षी ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आल्यावरच बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेमार्फत निधी उभारला.

म्हणून देणगी मागू नये, देखभालीचा वार्षिक करार देऊ करावा. देणगीसाठी कंपनीच्या हिशेब खात्यात सहसा रकानाच नसतो; करार आणि बिल या गोष्टी त्याला समजतात. दोषाला किती दिवसांत उत्तर मिळेल आणि कोणत्या आवृत्त्या सांभाळल्या जातील, हे त्यात लिहावे. त्यांनी नकार दिला, तर आपल्या सवडीने काम करण्यात गैर काहीच नाही. रागाच्या भरात परवाना बदलणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण नव्या आवृत्तीसाठी तो बदलता आला, तरी जुन्या आवृत्त्यांवर दिलेली मुभा परत घेता येत नाही.

त्या कंपनीला कराराचे पत्र लिहिण्याआधी आपला नोकरीचा करार नीट वाचावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्या कंपनीकडे जाते, आणि अनेक कंपन्यांच्या करारांत फावल्या वेळातील कामावर व बाहेरच्या मिळकतीवरही बंधने असतात. शंका असल्यास लेखी परवानगी घ्यावी. आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती टळणार नाही : लायब्ररीत इतरांनीही दुरुस्त्या पाठवल्या असतील, तर येणाऱ्या पैशांतून त्यांना काय द्यायचे, हे पहिले बिल पाठवण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून ठरवावे.