एन.सी.चा बाऊ

पत्र : मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला आहे, पीएसआय व्हायचं म्हणतो. गेल्या वर्षी पार्किंगवरून हाणामारी झाली, समोरच्याने त्याच्यावर एन.सी. केली. नशीब, अजामीनपात्र नव्हतं, नाहीतर सुटलाच नसता. आता रेकॉर्ड खराब झालं, पोलिसात कोण घेणार? दुकानात बस म्हणतो, तर ऐकत नाही. फॉर्ममध्ये हे लपवलं तर चालेल का? – एक वडील

उत्तर : लपवायचं अजिबात नाही. पण मला त्या एन.सी.पेक्षा तुमचीच जास्त काळजी वाटते. दुकानात माणूस हवा असेल, तर तसं मुलाला सरळ सांगा. पोरावर डाग लागला म्हणून रोज ऐकवणं थांबवा, कारण डाग लागलेलाच नाही.

एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तो एफआयआर नव्हे. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी (भारतीय न्याय संहिता कलम 115(2), 352, 351(2)) यात पोलीस नोंद करून तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. तुम्ही लिहिता, ‘नशीब, अजामीनपात्र नव्हतं, नाहीतर सुटलाच नसता.’ तेही चूक. अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, कोर्ट ठरवतं. शिवाय शिक्षा मोठी म्हणजे अजामीनपात्रच, असंही नाही. मारहाणीत समोरच्याचा हात मोडला असता तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), तरीही जामीनपात्र!

आता कामाचं. ठाण्यातून एन.सी.ची प्रत घ्या, कलमं बघा. नुसतं 115(2) असेल तर कोर्टाने दखल घेण्याची मुदत 1 वर्ष. धमकी किंवा शिवीगाळीचं कलम जोडलेलं असेल तर 3 वर्षं. त्यावरून चॅप्टर केस (पुन्हा भांडण होऊ नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई) होऊन शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतलाय का, तेही विचारा. पुष्कळ जण हे विसरतात.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, भरावा लागतो. अटक, खटला, शिक्षा, जे विचारलंय त्याचंच आणि खरं उत्तर द्यायचं. किरकोळ प्रकरण सांगितलं तर सहसा निभावतं, लपवलेलं सापडलं की नोकरी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात याचे निकष घालून दिले आहेत.

पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी, मुलाखत हा रस्ता त्याला ठाऊक असेलच. उंची मात्र आजच मोजा. अनवाणी 165 सेंमी भरली नाही, तर पीएसआयचं दार तिथेच बंद होतं, एन.सी. असो वा नसो.