महिन्याचा खडा: वाचकांचे प्रश्न

मुलगी जानेवारीतली. सराफ गार्नेट सुचवतात, गुरुजी पाचू. कोणाचं ऐकू?

दोघांचे हिशेब वेगळे आहेत. गुरुजी पत्रिका बघतात. नवरत्नांत खडा ग्रहाचा असतो: पाचू बुधाचा, माणिक सूर्याचं. तिथे जानेवारी-फेब्रुवारीला स्थान नाही. सराफांचा जन्ममहिन्यानुसार खडा सांगणारा तक्ता अमेरिकेतला. बारा रत्नांची कल्पना जुनी आहे, ज्यू धर्मगुरूंच्या उरपट्टीवरच्या बारा खड्यांपर्यंत ती नेतात. पण आजची महिनावार यादी जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली कॅन्सस सिटीत ठरवली. पुढे तीत भर पडत गेली. १९५२ मध्ये जूनला अलेक्झांड्राइट मिळाला आणि डिसेंबरचा लाजवर्द जाऊन झिरकॉन आला. २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल. दुकानदारांचीच यादी, ती आखडणार कशाला! गंमत म्हणजे राहूचा गोमेद हाही गार्नेटच्याच कुळातला. मुलीला रंग आवडला तर गार्नेट खुशाल घ्या.

डिसेंबरच्या सुनेला टांझानाइटची अंगठी करावी का? ती रोज घालणार आहे.

अंगठी नको, कानातलं किंवा पेंडंट करा. १९६७ मध्ये टांझानियात सापडलेला हा खडा २००२ मध्ये यादीत आला. मोहच्या मापावर (खनिजांची कठीणता एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या) त्याची कठीणता साडेसहाच्या आसपास, म्हणजे रोजच्या वापरात ओरखडे येणार. निळा रंग बहुधा तापवून आणलेला असतो, त्यात फसवणूक नाही.

ओपल रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवला तर चालेल?

नको. ओल्या मऊ फडक्याने पुसा. ओपलमध्ये मुळातच पाणी असतं. उन्हाच्या झळा आणि ड्रायर, दोन्हीपासून लांब ठेवा. तडकला की सांधता येत नाही.

जुलैसाठी मोठं, लालभडक माणिक फारच स्वस्तात मिळतंय. घेऊ?

आधी एकच प्रश्न विचारा: काच भरली आहे का? माणिक तापवणं बाजारात मान्य आहे, पण भेगांत शिशाची काच भरलेला माल वेगळा. त्याची चमक काचेची. लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. अंगठी सैल-घट्ट करताना कारागिराने आगीचा झोत मारला तर खडा कामातून गेलाच. दहापट भिंगातून निळसर झगमग आणि आत बुडबुडे दिसले तर परत करा. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक’ एवढंच वाचून थांबू नका, प्रक्रियेचा रकानाही वाचा. तोंडी हमी नको, पावतीवर लिहून घ्या.