पाचोऱ्याहून हनोई: सत्तर हजारांत, टूर कंपनीशिवाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचोऱ्याला राहता, पासपोर्ट नुकताच हाती आलाय, शाकाहारी आहात, इंग्रजी कामापुरतं, हाताशी सत्तर हजार रुपये आणि बारा दिवसांची सुट्टी, टूर कंपनीशिवाय एकट्याने व्हिएतनाम जमेल का?

भाऊ, जमेल. मी जळगावचा, तिथे असाच स्वतःच्या जोरावर फिरून आलोय, म्हणून खात्रीने सांगतो. फक्त तुमची ठिकाणांची यादी निम्म्यावर आणा. हनोई, सापा, हा लाँग, ह्युए, होई आन, दालात, साइगॉन, फु क्वॉक अशी आठ नावं तुम्ही लिहिलीत. हनोई ते साइगॉन नुसता रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा आहे. तिथे खाणं आणि राहणं खरोखर स्वस्त आहे. खिसा रिकामा होतो तो रोज बिऱ्हाड हलवण्यात. दर हलण्याला तिकीट, स्टेशनापर्यंतची टॅक्सी, अर्धा दिवस आणि घाईत घेतलेली महाग खोली. एका गावी तीन-चार रात्री राहिलात की खोलीचा भाव कमी करून मागता येतो, खानावळवाली ओळखायला लागते, शहर पायी कळतं. माझा आग्रह एवढाच आहे: हनोई, निन्ह बिन्ह, ह्युए, होई आन. साइगॉन या खेपेला सोडा.

आधी विमान. आपल्याकडचे सगळे मुंबईच धरून चालतात. पण भुसावळ मुंबई-हावडा मार्गावर आहे, म्हणजे कोलकाताही आपल्याला एका गाडीत. कोलकात्याहून व्हिएतनामला थेट विमानं आहेत आणि अंतर कमी. त्यामुळे दोन्ही शहरांची भाडी शेजारी-शेजारी ठेवून बघा, रेल्वेचं तिकीट धरून बेरीज करा. दोन-तीन महिने आधी शोधलंत तर जाऊन-येऊन पंचवीस ते तीस हजारांत बसायला हवं. सगळ्यात स्वस्त तिकिटात बहुतेकदा फक्त सात किलोची हातातली बॅग असते. विमानतळावर जादा सामानाचे पैसे भरायची वेळ आली तर वाचवलेलं सगळं तिथेच जातं. बॅग घरीच काट्यावर ठेवा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांनाही ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर. मात्र गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या भलत्याच साइट आधी दिसतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात. पत्त्याच्या शेवटी व्हिएतनाम सरकारचं ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आहे ना, ते बघूनच पैसे भरा. नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, ते पासपोर्टवर असेल तर अर्जात आणि विमानाच्या तिकिटातही हवं. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा आणि व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ बाळगा. परतीचं तिकीट आणि पहिल्या दोन-तीन रात्रींचं बुकिंगही छापून ठेवा, नव्या कोऱ्या पासपोर्टला मुंबईतच ते विचारू शकतात.

आता पैसे. भारतातल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, तो रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करा आणि मर्यादा ठरवून द्या. साध्या कार्डावर परदेशात साधारण तीन-साडेतीन टक्के वर लागतात. असा अधिभार न लावणारी कार्डं मिळतात, त्यातलं एक महिनाभर आधी मागवा. तिथलं एटीएम कधी कधी विचारतं की रक्कम रुपयांत लावू का. नाही म्हणा, डाँगमध्येच, म्हणजे तिथल्या चलनातच घ्या. रुपयांचा त्यांचा भाव महाग पडतो. बँकेचे ओटीपी आपल्या सिमवर येणार, म्हणून संदेश येण्यापुरतं रोमिंग निघण्याआधीच चालू करून ठेवा. सोबत दोन-तीनशे डॉलर रोख असू द्या, शंभराच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटा. चुरगळलेली नोट तिथे नाकारतात किंवा भाव पाडतात. डॉलर घेताना पावतीवाल्या अधिकृत ठिकाणीच घ्या, ‘ओळखीच्या माणसाकडून’ नको.

एका रुपयाला साधारण तीनशे डाँग. हिशेब सोपा आहे: किमतीतली तीन शून्यं उडवा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. पन्नास हजारांचं जेवण म्हणजे पावणेदोनशे रुपये. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा तोच चेहरा. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. रात्रीच्या बाजारात पिवळ्या दिव्याखाली फरक चटकन कळत नाही. पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि मोडायच्या तर हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात मोडा.

जेवणाची तुमची काळजी रास्त आहे. तिथे भाजीतही मासळीचा सॉस पडतो, त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. दुकानाच्या पाटीवर ‘चाय’ हा शब्द शोधा, म्हणजे पूर्ण शाकाहारी. बौद्ध मंदिरांच्या आसपास अशी साधी खानावळ हमखास असते: काचेमागे आठ-दहा पातेली, टोफूचे तळलेले तुकडे, हिरवी भाजी, केळफुलाचं सॅलड, बोट दाखवायचं, ती बाई भातावर वाढत जाते. ताट दीडशे रुपयांच्या आत. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तुमची चंगळ. ‘मांस, मासे, मासळीचा सॉस खात नाही’ हे व्हिएतनामीत भाषांतर करून स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरून शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थोडे बिबडे न्या. ठेचा नेऊ नका, तेल कपड्यांत उतरतं. दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्याच. फळांची तर काळजीच नको, केळी आपल्या रावेर-यावलइतक्याच मुबलक.

हनोईच्या विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. टॅक्सी हवीच असेल तर ग्रॅब ॲपवर भाडं आधी बघून घ्या, दाराशी बाही ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. शहरात रस्ता ओलांडणं शिकावं लागतं. मोटरसायकलींचा लोंढा थांबतच नाही. संथ, एकाच चालीने चालत राहायचं, ते तुम्हाला वळसा घालून जातात. मधेच थबकायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. मोटरसायकल भाड्याने घेण्याचा मोह होईल. तिथे चालेल असा परवाना नसताना अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो, आणि वाहतूकही उजव्या बाजूने. सायकल घ्या, निन्ह बिन्ह आणि होई आनला तेवढी पुरते. विमा मात्र नक्की काढा.

हा लाँगच्या खाडीतल्या रात्रीच्या बोटीऐवजी निन्ह बिन्ह सांगतो, कारण तसेच चुनखडीचे डोंगर तिथे भातखाचरांतून आणि नदीतून दिसतात, आणि खर्च कितीतरी कमी. तिथून रात्रीच्या गाडीने ह्युए. खोलीचं एक भाडं वाचतं. ह्युए ते दा नांग (होई आनजवळचं मोठं शहर) मात्र दिवसाच्या गाडीनेच जा आणि डाव्या खिडकीची जागा घ्या. हाय व्हानच्या घाटात गाडी समुद्राला लगटून जाते, खाली निर्मनुष्य वाळूचे तुकडे दिसतात. तीन तासांच्या आतबाहेरचा प्रवास, आणि माझ्या मते सगळ्या व्हिएतनाममधला सगळ्यात सुंदर.

होई आनहून ‘मी सोन’ हे ठिकाण चुकवू नका. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेली शिवमंदिरं आहेत ती, लाल विटांची, रानात. अमेरिकेच्या बॉम्बफेकीत बरीच पडली. त्यांतल्या काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली, आणि त्याच कामात २०२० साली नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

तारखा फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधल्या धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ह्युए-होई आनकडे पूर येतात, आणि त्यांचं नववर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात येतं. तेव्हा गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद.

भाषेचं म्हणाल, तर आपल्याकडचे कितीतरी लोक गुजराती न येता सुरतला कामाला गेले आणि तिथलेच झाले. तुमच्याकडे तर फोनमध्ये दुभाषा आहे. तिथलं सिम घ्या, आईला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करा आणि लोकेशन चालू ठेवा.

परतीला तुमच्या तारखांना दा नांगहून थेट मुंबईचं विमान असलं तर तेच घ्या, पुन्हा हनोई गाठायचा खर्च वाचेल. आणि मुंबईहून पाचोऱ्याच्या गाडीचं आरक्षण करताना विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान सहा तास सोडा. ही विमानं उशिरा येतात, आणि विमानतळाहून दादर किंवा कल्याण गाठायलाही वेळ लागतो.