कृषी सल्ला : पुडीतली माती कुठली? शिवारातला खजिना-शोध

प्रश्न : शीळ-दिवा पट्ट्यात आमच्या महिला गटाची शेती डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या बांधापर्यंत आहे. भात कापून झाल्यावर नवी मुंबईतली शाळकरी मुले शिवारफेरीला येतात. खजिना शोधण्याच्या खेळातून त्यांना मातीचे प्रकार दाखवायचे आहेत. कसे करावे?

उत्तर : ताई, जागा उत्तम आहे. एका फेरीत वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), खाचर (बांधबंदिस्तीचे भातशेत) आणि खार (खाडीकाठची खारी जमीन) तिन्ही दिसतील अशी शिवारे ठाणे तालुक्यात आता फार उरलेली नाहीत. फक्त चॉकलेट पुरून ठेवू नका, मुले मग चॉकलेटच शोधतात. खेळ उलटा करा. आदल्या दिवशी चार जागांची माती पारदर्शक पुड्यांत भरा, नाव न लिहिता टोळ्यांना वाटा आणि ती कुठली ते शिवारात फिरून शोधायला लावा. सोबत एकेक कोडे द्या : ‘नाचणी पिकते, पण पाणी ठरत नाही’, ‘पावसाळ्यात पाय रुतला की निघत नाही’. गटातल्या आज्यांकडे याहून चांगली कोडी निघतील.

वरकसाची माती लालसर-तपकिरी, खडेमिश्रित. ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढली तर लगेच तुटते. खाचराच्या चिकण मातीची पट्टी पाच सेंटिमीटर सहज निघते. आपला डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्यामुळे ओढ्याच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवले की काळी कणी मिशांसारखी चिकटते, ते मॅग्नेटाइट. तिथून मुले हलत नाहीत, म्हणून ओढा सर्वांत शेवटी घ्या.

खाचरात मात्र घाई नको. धसकटासकट एक ढेकूळ उपटून हाताने फोडा. माती राखी, पण मुळांच्या वाटेने तांबूस-नारिंगी रेषा दिसतील. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि लोह विरघळू लागते. भाताचे रोप पानांकडून आलेला प्राणवायू मुळांवाटे थोडा बाहेर सोडते, तिथे लोह गंजून बसते. ही रेष स्वतःहून शोधणाऱ्या टोळीला दुप्पट गुण द्या. राब भाजलेली जागा, म्हणजे रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळलेली जागा, मुद्दाम वाटेत ठेवा. काळी दिसते म्हणून मुले तिला भारी जमीन म्हणतील. चिमटीत चुरडली की कोळशाचे कण हाताला लागतात.

खारात पांढरे मीठ फुललेले पाहायचे असेल तर फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा. पावसाने वरचे मीठ धुतलेले असते, त्यामुळे भात निघाल्यावर लगेच ते फारसे दिसत नाही. तेव्हा शिंपल्यांचे तुकडे आणि खेकड्यांची बिळे यांवरून ओळख पटवा.

चौथी पुडी भरावाची. काहींना हे आवडणार नाही, पण नवी मुंबईच्या मुलांच्या पायाखाली बऱ्याच ठिकाणी हीच आहे. विटांचे तुकडे, टाइल, सिमेंटचे गोळे निघतात. तिच्यावर लिंबू पिळा, सिमेंटातल्या चुन्यामुळे बहुधा फेस येतो. आपल्याकडच्या पावसात डोंगरउतारावरच्या मातीतला चुना बराचसा वाहून जातो, म्हणून वरकसावर फेस आला तर तिथे कोणी डेब्रिज टाकले का ते आधी बघा. खाडीकाठी मात्र शिंपल्यांमुळेही फेस येतो.

खणायला खुरपेच द्या, कुदळ नको. पायात बूट हवेत. बिळात आणि पेंढ्याच्या ढिगात हात घालू देऊ नका. कापलेल्या भाताच्या रानात घोणस असते. खाडीकडे ओहोटीलाच जा, खारफुटीत शिरू नका. येऊरच्या बाजूला असा खेळ ठेवायचा विचार असेल तर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत खणता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मुलांनी ओळखलेल्या मातीवरूनच खताची मात्रा ठरवली तर चालेल का?

उत्तर : नाही. पट्टीवरून पोत कळतो, नत्र-स्फुरद-पालाश कळत नाही. भात निघाल्यावर, खत टाकण्याआधी, सारख्या दिसणाऱ्या जमिनीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीस सेंटिमीटर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. वरकस, खाचर आणि खार यांचे नमुने वेगळे ठेवा, एकत्र केलेत तर अहवालाचा उपयोग नाही.

खाराच्या नमुन्याची विद्युत वाहकता प्रयोगशाळेत जरूर मोजून घ्या, तिच्यावरून क्षार किती ते कळते. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त समजा आणि तिथे पनवेल-1, पनवेल-2 किंवा पनवेल-3 या खारपड जमिनीसाठीच्या भाताच्या वाणांपैकी एक लावा. पण त्याआधी, मे महिन्यातच, बांधाच्या खांडी बुजवून उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप नीट बसते का ते पाहून घ्या. भरतीचे पाणी आत येत राहिले तर कुठलेही बियाणे टिकणार नाही.