विदर्भातल्या खेड्यात राहून मासिकाचा प्रकाशक आणि लेखक म्हणून पोट भरता येतं का?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहात, लिहिण्याची ओढ आहे, स्वतःचं मासिक काढायचं आहे. नोकरी सोडावी का आणि त्यासाठी पुण्याला जावं लागेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातून अकरा वर्षांपासून शेतकरी कुटुंबांसाठी मासिक काढतोय. चार पुस्तकं लिहिली, तीही स्वतःच छापली. सात एकर कोरडवाहू आहे, पण घर मुख्यतः मासिकावरच चालतं. तेव्हा पोट भरतं, हे अनुभवाने सांगतो.

पुण्याचं आधी: जायची गरज नाही. मराठीतलं एक फार मोठं मासिक कारखान्याच्या वसाहतीत जन्मलं. सांगलीकडची किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणरावांचे ते पुतणे. लोखंडाने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्याला पहिले नांगर विकताना लक्ष्मणरावांची दमछाक झाली होती. खबर निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यायला. तीच पुढे वाढून ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव चित्रकार होते, लेखक होते, संपादक होते आणि विकणं ही कमीपणाची गोष्ट मानत नव्हते. मला त्यांच्याकडून हेच घ्यावंसं वाटलं. त्यांच्याकडे वाचणारा माणूस आधी होता, कथा-लेख मागून आले. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. कविता जमा करतो, मुखपृष्ठ करून घेतो, प्रकाशन समारंभ करतो आणि मग वर्गणीदार शोधत फिरतो.

माझ्या घरात सर्वांत मोलाची वस्तू कुठली विचाराल तर वर्गणीदारांचं रजिस्टर. संगणकातही सगळं आहे, पण कापडी पुठ्ठ्याचं ते जाड रजिस्टर माझी बायको अजून हाताने लिहिते. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड, मोबाइल, वर्गणी कोणत्या महिन्यात संपते. संपायला दोन महिने उरले की नावापुढे लाल खूण. त्या खुणेवरून फोन जातो, आणि फोन मी स्वतः करतो. पहिल्या वर्षी मी फोन केले नाहीत. अंक चांगला असला की लोक आपण होऊन पैसे पाठवतील असं वाटलं. २१२ वर्गणीदारांतले ७० परत आले. दुसऱ्या वर्षी फोन करू लागलो तेव्हा एक काका म्हणाले, “मले वाटलं बंद पडलं तुमचं पुस्तक. तुमी इचारलंच नाही ना जी!” त्यांच्या मनात राग नव्हता की नावड नव्हती, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

वर्गणी कधी मागायची हेही शिवार ठरवतं. जून-जुलैत बी-बियाणं आणि खतात घर रिकामं झालेलं असतं, तेव्हा फोन करायचाच नाही. सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला की मागायचं. म्हणून माझ्या मासिकाचं वर्ष दिवाळीपासून सुरू होतं. दिवाळी अंकाची परंपराच आपल्याकडे जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली ती घातली. आमच्याकडे दिवाळी अंकाच्या शुभेच्छा-जाहिरातींतून तीन-चार महिन्यांचा छपाईचा खर्च निघतो.

एकदा राळेगावकडच्या एका वर्गणीदाराकडे गेलो होतो. गोठ्याच्या खांबाला एक आकडा होता, त्याच्या तारेत खताच्या पावत्या ओवलेल्या, आणि त्यांच्याच खाली माझे अंक, वरच्या डाव्या कोपऱ्यातून आरपार भोक पाडून. दोन वर्षांचे, तारीखवार. आधी जीव कळवळला, कारण तार बरोबर लेखाच्या पहिल्या ओळीतून गेली होती. मग कळलं की हा माणूस माझा अंक पावतीइतका जपतोय. तेव्हापासून प्रत्येक पानाचा तो कोपरा मी कोरा सोडतो. अक्षरही मोठं केलं, कारण संध्याकाळी मुलगी आईला वाचून दाखवते. कोणत्याही कार्यशाळेत मला हे कोणी शिकवलं नसतं.

आता जाहिराती. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. त्या महिन्यात मी अर्धा अंक फवारणीवर दिला: दोन-तीन औषधं अंदाजाने एकत्र करू नका, वाऱ्याच्या उलट फवारू नका, अंगभर कपडे घाला, चक्कर-मळमळ वाटली की औषधाचा डबा हातात घेऊनच दवाखाना गाठा. एका कृषी केंद्रवाल्याने जाहिरात थांबवली, त्याचं पाहून आणखी दोघांनी. वर्षाच्या जाहिरातींचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. पण त्या अंकाच्या झेरॉक्स गावोगावी फिरल्या आणि त्या हिवाळ्यात आले तितके नवे वर्गणीदार पुन्हा कधी आले नाहीत. म्हणून सांगतो, छपाई आणि टपाल एवढा खर्च वर्गणीतूनच निघाला पाहिजे. जाहिरातीच्या पैशावर अंक उभा असता तर तो लेख छापायची माझी हिंमत झाली असती का, मला खात्री नाही.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून २०२३चा नवा कायदा लागू आहे. नाव आणि नोंदणी दोन्हींसाठी ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. पानं आठ-सोळाच्या हिशेबात ठरवा, नाहीतर फर्मा, म्हणजे एकदम छापला जाणारा मोठा कागद, अर्धा वाया जातो आणि कागदाचे पैसे मात्र पूर्ण लागतात. मी ३२ पानं आणि वर कव्हर, यापुढे कधी गेलो नाही.

लेखक म्हणून विचाराल तर माझी पुस्तकं मासिकाच्या पोटातून आली. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारं एक सदर मी लिहीत होतो. सात-आठ वर्षांत एकच प्रश्न किती तऱ्हांनी येतो हे दिसलं: वाटणी झालेल्या शेताचा रस्ता, सातबाऱ्यावर बाईचं नाव, कर्जाची मुदत. ती उत्तरं तपासून, वकील आणि निवृत्त तलाठ्यांकडून दुरुस्त करून पुस्तक केलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. दुकानदाराचं कमिशन तीस-चाळीस टक्के जातं, म्हणून पहिली आवृत्ती मी रजिस्टरमधल्या लोकांनाच आगाऊ नोंदणीने विकली. उरलेल्या प्रती डिसेंबरअखेर अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात टेबल मांडून. तिथे दिवसभर उभं राहिलं की कोण कुठलं पान उघडतो ते दिसतं, आणि पुढचं पुस्तक कशावर लिहायचं ते तिथेच कळतं.

नोकरी आत्ता सोडू नका. आणि नोकरीत असताना स्वतःच्या नावावर प्रकाशन करायला परवानगी लागते का, ते संस्थेला लेखी विचारून घ्या. आधी फक्त बारा अंक काढा. तेराव्या महिन्यात शंभरातले किती जण पुन्हा पैसे देतात ते मोजा. मी खाजगी नोकरी सोडली ती चौथ्या वर्षी, शंभरातले ६५ परत आले तेव्हा, आणि तोही आकडा बायकोने रजिस्टर उघडून दोनदा मोजला होता.