वाचकांचे प्रश्न : न्यायाचा उत्सव आणि वर्गणीचा डबा

अमेरिकेतील मराठी वाचकांकडून अलीकडे आलेली चार पत्रे एकाच विषयावर आहेत. तेथील बऱ्याच गावांत चर्च, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे), मशिदी, शाळा आणि वस्तीतील छोट्या संस्था एकत्र येऊन वर्षातून एकदा शांतता आणि वांशिक न्याय यांसाठी एक संध्याकाळ साजरी करतात. कुठे ती जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी येणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला जोडलेली असते, तर कुठे गुलामीच्या अंताची आठवण म्हणून १९ जूनला पाळल्या जाणाऱ्या जूनटीन्थला. गाणी, भाषणे, एखाद्या स्थानिक कार्यकर्त्याचा सत्कार, जेवण आणि त्याच सभागृहात निधिसंकलन, असे तिचे साधारण स्वरूप असते. पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावातील अशा समारंभाचे निमंत्रण आले आहे. माणशी ८५ डॉलरचे तिकीट आहे. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या नावाने मेजवानी झोडायची आणि टाळ्या वाजवून घरी यायचे, हे मला ढोंग वाटते. पैसे द्यायचेच असतील तर सरळ का देऊ नयेत? पत्नी म्हणते, आपण जाऊ या. (इलिनॉय)

उत्तर : आपला संशय अगदीच अनाठायी नाही. सभागृहाचे भाडे, जेवण, ध्वनिव्यवस्था हे सारे वजा जाता तिकिटाच्या पैशातून फारसे काही उरत नाही, असे समारंभ आम्हीही पाहिले आहेत. मात्र जेवण आणि न्याय एकत्र आले म्हणजे ढोंगच झाले, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या ज्या चळवळीच्या स्मरणार्थ हे समारंभ होतात, तिचा खर्च बऱ्याच अंशी स्वयंपाकघरातूनच निघालेला आहे.

अलाबामातील मॉन्टगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स आणि किंग ही नावे सर्वांना ठाऊक असतात; परंतु हजारो माणसांना रोज कामावर नेणाऱ्या आणि घरी आणणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलचे पैसे कुठून आले, हे सहसा कोणी विचारत नाही. जॉर्जिया गिलमोर नावाच्या एका स्वयंपाकिणीने काही बायकांना जमवून तळलेल्या कोंबडीचे सँडविच, ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ आणि केक करून विकायला सुरुवात केली, आणि आलेली रक्कम त्या आठवड्याच्या सभेत जाहीर करून चळवळीच्या हाती देऊ लागल्या. या गटाचे नाव होते ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलेच नसलेले मंडळ. हे नाव गंमत म्हणून ठेवलेले नव्हते. यांतल्या अनेक बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या आणि नाव फुटले असते तर दुसऱ्या दिवशी काम गेले असते. पैसे कुठून आले असे कोणी विचारलेच, तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर तयार होते. स्वतः गिलमोर यांनी किंग यांच्यावरील खटल्यात उघडपणे साक्ष दिली आणि त्यांची उपाहारगृहातील नोकरी गेली. मग त्यांनी घरीच खानावळ चालवली. पुढे शहराच्या दुसऱ्या भागातील बायकांनी आपला वेगळा गट काढला, आणि या आठवड्यात जास्त रक्कम कोणाची, यावर दोघींत चुरस लागू लागली. रक्कम जाहीर झाली की सभा उठून उभी राहून टाळ्या वाजवी. आपण ज्याला मेजवानी आणि टाळ्या म्हणता, त्याचे मूळ रूप हे असे होते.

मोठी माणसेही याच कामाला लागली होती. गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात गेलेल्यांच्या जामिनासाठी रक्कम उभी केली. १९६४ मध्ये ते आणि अभिनेते सिडनी पॉटिए मिसिसिपीतील ग्रीनवुड येथील कार्यकर्त्यांपर्यंत ७०,००० डॉलरची रोकड स्वतः घेऊन गेले. किंग यांनी त्याच वर्षी मिळालेल्या नोबेल पारितोषिकाची सुमारे ५४,००० डॉलरची रक्कम चळवळीला दिली. भाषणांची पुस्तके निघाली. पेट्रोलच्या आणि जामिनाच्या पावत्यांची निघाली नाहीत.

तरीही ८५ डॉलरचे तिकीट आपल्याला खटकत असेल, तर आयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, गेल्या वर्षी खर्च वजा जाता किती रक्कम उरली आणि ती कोणत्या कामाला गेली? दोन, ज्यांना हे तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत का? ज्या समारंभात त्याच गावातील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाला पाऊल ठेवता येत नाही, त्याविषयी आपल्या मनातील शब्द आम्हीही वापरू. दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर पत्नीचे ऐकावे. सरळ देणगी दिली तर आपले पैसे पोहोचतील, पण आपण पोहोचणार नाही. आणि गावात काही विपरीत घडते त्या रात्री फोन करण्याइतकी ओळख पावतीच्या जोरावर होत नसते.

प्रश्न : समारंभात मी १५० डॉलरचे तिकीट, सायलेंट ऑक्शनमध्ये (कागदावर बोली लिहून होणाऱ्या लिलावात) २०० डॉलरला वस्तूंची एक टोपली आणि ४० डॉलरची रॅफलची (बक्षिसाच्या सोडतीची) तिकिटे घेतली. आमचे हिशेबनीस म्हणतात, या सगळ्याची करवजावट मिळणार नाही. संस्था तर धर्मादाय आहे. मग असे का? (न्यू जर्सी)

उत्तर : हिशेबनीस बरोबर सांगत आहेत. संस्था करकायद्याच्या ५०१(सी)(३) या धर्मादाय वर्गात नोंदलेली असली तरी वजावट फक्त देणगीच्या भागाला मिळते. त्या बदल्यात आपण जे घेतले त्याला मिळत नाही. तिकीट १५० डॉलरचे आणि जेवण-करमणुकीचे बाजारमूल्य ६० डॉलर असेल, तर देणगी ९० डॉलरची धरली जाते. अशी मिश्र रक्कम ७५ डॉलरपेक्षा जास्त असेल, तर जेवणाचे अंदाजी मूल्य लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने संस्थेवरच टाकली आहे. तेव्हा तिकिटाच्या तळाशी असलेला बारीक मजकूर आधी वाचावा. टोपलीतील वस्तू १२० डॉलरच्या असतील आणि ते मूल्य बोली लावण्यापूर्वी कागदावर लिहिलेले असेल, तर वरच्या ८० डॉलरची वजावट मागता येते. आपल्याला ती टोपली १२० डॉलरलाच मिळाली असती, तर वजावट शून्य. रॅफलच्या तिकिटांना वजावट नाही, बक्षीस लागो अथवा न लागो. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगी दिल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वी संस्थेची लेखी पोच हाती असावी लागते. बँकेचा उतारा तिथे चालत नाही.

यात एक मेख आहे. बहुसंख्य करदाते प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चांची यादी न देता मिळणारी ठरावीक रक्कम, घेतात, आणि २०२२ ते २०२५ या वर्षांत अशा करदात्यांना देणगीचा वेगळा लाभ होत नव्हता. २०२६ च्या करवर्षापासून त्यांनाही रोख देणग्यांवर १,००० डॉलरपर्यंत, आणि पती-पत्नीच्या संयुक्त विवरणपत्रावर २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळू लागली आहे. आपण त्या संध्याकाळी खुर्च्या मांडल्या, भांडी विसळली, त्या तासांचे मोल करखात्याच्या लेखी काहीही नाही. मात्र सेवेसाठी गाडी चालवली असल्यास मैलामागे १४ सेंट धरता येतात. हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने पेट्रोल कितीही महागले तरी तो जागचा हलत नाही.

संस्था खरी आहे की नाही, हे अंतर्गत महसूल सेवेच्या (आयआरएस, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या) संकेतस्थळावरील शोधयादीत पाहता येते. तेथेच अनेक संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे त्यांचे वार्षिक विवरणपत्र, मिळतो. मोठ्या संस्था त्यात निधिसंकलनाच्या समारंभांचे उत्पन्न आणि खर्च वेगळे दाखवतात. पहिल्या पत्रातील वाचकांनीही तो चाळावा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. अशा समारंभात राजकारण असते असे ऐकतो. देणगी दिल्याने किंवा नुसते गेल्याने काही अडचण येईल का? (टेक्सास)

उत्तर : धर्मादाय संस्थेला देणगी देण्यास व्हिसाची आडकाठी नाही. अशा संस्थेला निवडणुकीतील उमेदवाराच्या बाजूने अथवा विरोधात प्रचार करता येत नाही. पोलिसांची वागणूक, घरे, शाळा, मतदानाचा हक्क अशा प्रश्नांवर बोलण्याची मात्र तिला मुभा असते. उमेदवाराला वर्गणी देणे ही निराळी गोष्ट असून नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांना तिची कायद्याने मनाई आहे. तेव्हा डबा कोणाचा आहे हे पाहून पैसे टाकावेत. आणखी एका टेबलापाशी जपून राहावे. बऱ्याच ठिकाणी दाराजवळ मतदारनोंदणीचे टेबल असते आणि हसतमुख स्वयंसेवक येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती अर्ज देतात. नागरिक नसताना भिडेखातर त्यावर सही करू नये. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती फार महागात पडू शकते. ‘मी अजून नागरिक नाही’ असे सांगितले की कोणालाही वाईट वाटत नाही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाला अशा समारंभाचे सहप्रायोजक होण्याची विनंती आली. कार्यकारिणीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, हा गोऱ्या-काळ्यांचा जुना झगडा आहे, त्यात आपण कशाला पडायचे; मुलींचे लेझीम पथक पाठवू, ५०० डॉलर देऊ आणि मोकळे होऊ. सचिव या नात्याने मला उत्तर लिहायचे आहे. (ओहायो)

उत्तर : सचिव महोदया, आपल्या कार्यकारिणीतील बहुतेक सदस्य ज्या दाराने अमेरिकेत आले, ते दार कोणी उघडले हे त्यांना आधी सांगावे. १९१७ च्या कायद्याने भारतीयांचे येणे बंद झाले. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस गोरा नसल्याने त्याला नागरिकत्व मिळणार नाही असा निर्णय दिला. १९४६ मध्ये बंदी सैल झाली तीही वर्षाला १०० भारतीयांपुरती. हा वंशावर बेतलेला कोटा मोडणाऱ्या कायद्यावर ३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही झाली, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या कायद्यानंतर दोन महिन्यांच्या आत. रस्त्यावर मार खाल्ला दुसऱ्यांनी, आणि त्या वातावरणात झालेल्या कायद्याने व्हिसा मिळाला आपल्याला. आणि हा झगडा आपल्याला शिवलाच नाही असेही नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत कपाळावरच्या टिकलीवरून स्वतःचे नाव घेऊन भारतीयांना मारहाण करणाऱ्या टोळ्या फिरत होत्या.

मराठी माणसाला तर हा विषय नवा असण्याचे कारणच नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या तेथील कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या आणि डुबॉइस यांनी उत्तरही पाठवले. शिवाय जेम्स लॉसन यांची गोष्ट आहे, जी मंडळाच्या मंचावरून कधी सांगितली गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कोरियाच्या युद्धात सैन्यभरतीला नकार दिल्याने तुरुंगात जाऊन आलेला हा तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला, तेथील मुलांना त्याने खेळ शिकवले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने वाचली ती नागपूरच्या वृत्तपत्रात. परत गेल्यावर १९५७ मध्ये किंग यांची भेट झाली. त्यांच्या आग्रहावरून लॉसन दक्षिणेत नॅशव्हिलला गेले आणि चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागले. तेथे अर्धी मुले उपाहारगृहात बसल्यासारखी खुर्च्यांवर बसत आणि उरलेली त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. बसलेल्याने हात उचलायचा नाही आणि डोके कसे झाकायचे तेही शिकून घ्यायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या प्रत्यक्ष उपाहारगृहांत जाऊन बसली. मे महिन्यात शहरातील काही उपाहारगृहांना कृष्णवर्णीयांना वाढावे लागले. दरम्यान लॉसन यांना ते शिकत असलेल्या विद्यापीठातून काढून टाकण्यात आले होते.

लेझीम पाठवण्यास आमचा विरोध नाही. मुली मन लावून बसवतात आणि सभागृहही खूश होते. आक्षेप ‘मोकळे होऊ’ या शब्दांना आहे. आपल्या मंडळांची सवय अशी की पथक नाचते, फोटो निघतात, आणि सत्काराचे भाषण सुरू होईपर्यंत आपली मंडळी गाड्यांपाशी पोहोचलेली असतात. एकदा आम्हीही त्यांत होतो आणि दुसऱ्या दिवशी कळले की त्या भाषणातील सत्कारमूर्ती आमच्याच गल्लीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या.

तेथे गेल्यावर एक प्रश्न येईल, त्याची तयारी ठेवावी : तुमच्याकडे जातीचे काय? सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली; कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकावर त्याच वर्षी राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही वेळी भारतीय लोक दोन्ही बाजूंनी बोलले. त्यामुळे ‘आमच्यात तसले काही नसते’ हे उत्तर समोरचा माणूस मानणार नाही. ज्यांना घरच्या अनुभवावरून याविषयी बोलता येईल असा सदस्य मंडळात असेल, तर मंचावर किंवा निदान जेवणाच्या टेबलावर बोलण्याचे निमंत्रण त्याला द्यावे. लेझीमनंतर दोन मिनिटे मागून घ्यावीत, फार तर कोणी घड्याळ पाहील.

उत्तराच्या पत्रात रक्कम अवश्य लिहावी आणि ती ५०० च राहिली तरी हरकत नाही. पत्र मात्र तेवढ्यावर थांबवू नये. समारंभाच्या नियोजन समितीवर आपला एक माणूस वर्षभर बसेल असे कळवावे, आणि त्या दिवशी सकाळी टेबले मांडायला किती जण हवे आहेत ते विचारून घ्यावे.